मुलीचं वजन आणि बापाची शिस्त

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची मुलगी नऊ वर्षांची होती. शाळेतल्या तपासणीत डॉक्टरबाईंनी सांगितलं, "वजन वयाच्या मानाने जरा जास्त आहे. घाबरू नका, पण रोजच्या सवयी आत्ताच बदला." एवढंच. पण माझे यजमान सरकारी कारखान्यात तपासणी विभागात इंजिनिअर. कुठे दोष सापडला की त्यांना चेव येतो.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेखाचा कागद लागला. आडवे आठवडे, उभे किलो. मुलीला मोजून दोन पोळ्या, तूप बंद, साखर बंद. हे नियम त्यांनी मला ऐकवले ते आरामखुर्चीत, चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन.

"अहो, आणि तुम्ही?"

"माझं काय आता वाढीचं वय आहे?"

पोटाकडे पाहता होतंच.

घरात वजनकाटा नव्हता. म्हणून दर रविवारी आमच्या बनशंकरीच्या गल्लीतल्या तांदळाच्या दुकानात, पोती तोलायच्या काट्यावर पोरीला उभं करायचं ठरलं. दुकानदार भला कानडी माणूस, पण आवाज खणखणीत. तो आकडा असा पुकारायचा की डाळ घ्यायला आलेल्या बायका वळून बघायच्या. पोरगी मान वर करत नसे.

तिसऱ्या रविवारी आकडा अर्धा किलो वर गेला.

"चोरून काय खाल्लंस?" यजमानांनी सगळ्यांदेखत विचारलं.

तिचे डोळे भरून आले. मी तोंड उघडणार तोच ती काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही उभे राहा."

"सरी सार, बन्नी, बन्नी!" दुकानदाराने हौसेने बोलावलं.

आता नाही कसं म्हणणार? उभे राहिले. दुकानदाराने एक वजन चढवलं, मग दुसरं, मग तिसरं शोधायला आत गेला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. खरं सांगते, मीही हसले, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद स्वतःच्या हाताने काढला. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग नियम मी केले, तिघांना सारखेच. शाळेची रिक्षा बंद, शाळा चालत पंधरा मिनिटांवर होती. बापाने तिला सोडायचं आणि तिथून पुढे कारखान्याच्या बसथांब्यापर्यंतही चालतच जायचं. जेवताना टीव्ही बंद. तळण सणासुदीला. पोळीवरचं चमचाभर तूप परत आलं. संध्याकाळी अभ्यासाआधी तासभर गल्लीत लगोरी.

पहिल्या आठवड्यात यजमान अर्ध्या वाटेत एका कंपाउंडच्या भिंतीवर टेकायचे आणि पोरगी आपलं दप्तर आणि त्यांची बॅग सांभाळत उभी राहायची. "बाबा, स्वल्प बसा," म्हणायची, "घंटेला वेळ आहे अजून." त्या वाटेवर दोघं एकमेकांशी बोलायला लागली.

वर्षभरात पोरगी उंच झाली, वजन होतं तिथेच राहिलं. डॉक्टरबाई खूश. यजमानांचा पट्टा दोन भोकं आत आला.

मग मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. विषय, मुलांच्या आरोग्यात बापाच्या शिस्तीचं महत्त्व. नंतर एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वहिनी, घरात असा माणूस असल्यावर तुम्हाला किती सोपं गेलं असेल!"

"फारच," मी म्हटलं.

शेजारी बसलेल्या पोरीला असा ठसका लागला की कोणीतरी धावत जाऊन पाणी आणलं.