वळून दोन पावलं

मी नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉलपटू होतो. गावात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय करत होता?" खरं सांगायचं तर बसत होतो. मुंबईच्या एका क्लबचा मी दुसरा गोलकीपर. पहिल्याचं काही दुखलं-खुपलं तरच माझा नंबर. आणि पहिला कीपर असा ठणठणीत पंजाबी गडी, की त्याला नऊ वर्षांत धड शिंकही आली नाही. त्याच्या तब्येतीवर माझ्याइतकं बारीक लक्ष त्याच्या आईनंही ठेवलं नसेल.

मी प्रकाशा गावचा, भावेश चुनीलाल पाटील. तापीकाठी आमची केळी आहे. सातवी-आठवीत असल्यापासून काढणीच्या दिवशी माझं काम ठरलेलं. आबा, म्हणजे माझे वडील, कोयत्यानं घड कापणार आणि मी खाली खांद्यावर गादी टाकून उभा राहणार. पंचवीस-तीस किलोचा घड वरून आला की दोन्ही हातांनी धरायचा, खांद्यावर घ्यायचा, वळायचं, दोन पावलं टाकायची आणि मागे अंथरलेल्या पानांवर हळूच ठेवायचा. केळीवर डाग दिसला की व्यापारी नाक मुरडतो. आबा एवढंच म्हणायचे, "खाले पडाले नको." पडला नाही तर शाबासकी वगैरे काही नाही. पुढचं झाड.

शहाद्याच्या शाळेत हेमकांत सरांनी माझे हात पाहिले आणि मला गोलमध्ये उभं केलं. घड झेलणाऱ्याला चेंडू म्हणजे काय हो, फुगाच. पुण्याला निवड चाचणी झाली तेव्हा माझ्या हातून एकही चेंडू सुटला नाही. फक्त प्रत्येक वेळी तो धरून मी वळायचो, दोन पावलं टाकायचो आणि गवतावर अलगद ठेवायचो. निवड करणाऱ्यांपैकी एक जण म्हणाले, "अरे, बाळाला निजवतोस का?" सगळे खो-खो हसले. मीही हसलो. स्वतःला हसायला मी तेव्हा शिकलो, आणि पुढे ते फार उपयोगी पडलं.

क्लबात आल्यावर कोचसाहेबांनी ती सवय मोडायला घेतली. "पुढे बघ! पुढे! मागे कोण आहे तुझं?" असं ते रोज ओरडायचे. हळूहळू पाय जागेवर राहायला लागले. निदान सरावात तरी.

आई, जसोदाबाई, माझे फोटो नातेवाइकांना दाखवत फिरायची. जर्सी स्वच्छ असायची, त्यामुळे फोटो छान यायचे. आबांपुढे मात्र फुटबॉलचं नाव काढलं की ते मोटर चालू करायला उठायचे. एकही मॅच त्यांनी पाहिली नाही. मला वाटायचं, एकदाच पहिला कीपर व्हायचं आणि आबांनी ते बघायचं, बघून काहीतरी बोलायचं. शिवी दिली तरी चालेल! एवढ्यासाठी मी नऊ वर्षं बाक झिजवला.

गेल्या मार्चमध्ये सरावात पंजाब्याचं बोट मोडलं. देवाशपथ, मी मोडलं नाही. कोचसाहेब म्हणाले, "रविवारी एकही गोल खाऊ नकोस. पुढच्या सीझनला पहिला कीपर तूच." मी लगेच घरी फोन लावला. आई म्हणाली, "घेवरचंद शेटना दुकानमा मोठा टीव्ही शे, बठ्ठा गाव तठेच जाई ऱ्हायना." मग म्हणाली, "तुन्हा आबाबी जाई ऱ्हायनात." सगळ्या गावाबरोबर आबाही बघणार! मी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मॅच मी चांगली खेळलो. हे मी सांगतोय म्हणजे खरं असणार, कारण स्वतःबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही. अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली तरी एकही गोल नाही. मग त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, अगदी वरून, घड येतो तसा. पाच जणांच्या डोक्यांवरून मी तो दोन्ही हातांनी धरला, खांद्यावर घेतला, वळलो, दोन पावलं टाकली आणि खाली हळूच ठेवला.

गोलरेषेच्या आत.

मैदानात क्षणभर कोणालाच कळेना. त्यांच्या खेळाडूंनाही नाचायचं सुचलं नाही. मग रेफरीची शिट्टी वाजली. आम्ही एक-शून्यनं हरलो, आणि सीझन संपल्यावर क्लबनं मला नारळ दिला. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

प्रकाशाला बसमधून उतरलो तर समोर घेवरचंद शेटचं खताचं दुकान. शेट दारातच उभे. "आओ भावेशभाऊ! तुमची होम डिलिव्हरी पाहिली. एकदम घराच्या आत माल!" मी हसलो. सवयच ना. पण त्या दिवशी हसताना गाल दुखले.

घरी आबांनी माझ्याकडे न बघता ताट ओढलं. जेवले आणि मोटर चालू करायला गेले. दोन दिवस मी त्यांच्यासमोर मान वर केली नाही. लाज वाटत होती, दुसरं काय! आयुष्यात एकच मॅच पाहिली त्यांनी, आणि ती ही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काढणी होती. "गादी ले," आबा म्हणाले. मी उभा राहिलो. घड आला, धरला, खांद्यावर घेतला, वळलो, दोन पावलं, पानांवर हळूच ठेवला. मागे वळून पाहतो तर आबा कोयता तसाच धरून माझ्या पायांकडे बघत होते.

"त्या दिनले बी असाच वळना का तू?"

"हा, आबा."

त्यांनी कोयता खाली घेतला. मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग तो गोल मन्हा शे. तुन्हा नही."

मी मटकन पानांवर बसलो आणि रडलो. सहा फुटी बाप्या, पोरासारखा हुंदके देऊन. आबांनी थांबवलं नाही, जवळही आले नाहीत. त्यांनी पुढच्या झाडाला कोयता लावला.

"ऊठ," ते म्हणाले, "घड ई ऱ्हायना."

मी डोळे पुसले आणि हात वर केले.