घरचा धूर

आमच्या बोळाच्या तोंडापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत मोजून दोनशे पावलं असतील. रोज औषधाला येणाऱ्या नानांना तेवढं अंतर चालायला अर्धा तास लागायचा. पहिल्याच घरापाशी थांबून ते म्हशीची चौकशी करायचे, पुढे शिंप्याच्या ओट्याला हात टेकून त्याच्या मशीनची, मग तानूबाईच्या दारातल्या तुळशीची. लोक म्हणायचे, उतारवयात नाना भलतेच बोलघेवडे झाले. मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, म्हणून खरी गोष्ट मला ठाऊक होती. नानांना म्हशीशी काही कर्तव्य नव्हतं. आपण प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देत बसतो आणि तेवढ्यात आपला दम खाऊन होतो, ही युक्ती त्यांनी शोधून काढली होती.

"म्हशीवर लोक लय बोलत्यात," ते बाकावर टेकल्यावर मला सांगायचे. "सासऱ्याचं इचारलं तर दोन शब्दांत आटपत्यात. आपल्याला ते परवडत न्हाई."

नाना मूळचे शिराळ्याकडचे. तरुणपणी पलटणीत होते, तिथून सुटल्यावर सांगलीत नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर लागले आणि वीस वर्षांत तिथले मुकादम झाले. त्या काळात ते माणसांशी फार बोलत नसत. बंबावरच्या चार गड्यांना मात्र एक गोष्ट इतक्यांदा ऐकवायचे की पेठेतली पोरंसोरंसुद्धा त्यांची नक्कल करत: "पाणी आदी नाकाला, मंग आगीला." आग कितीही भडकलेली असो, फडकं ओलं करून नाकातोंडाला बांधल्याशिवाय ते गड्यांना आत सोडत नसत. एकदा एका शेठजीने आरडाओरडा केला, माझा माल जळतोय आणि तुम्ही तोंडं कसली धुताय! नानांनी एक ओलं फडकं त्यालाही बांधलं. त्याचा आवाज बंद झाला तो आग विझेपर्यंत.

असा हा माणूस मिरचीच्या वखारीत उघड्या नाकाने शिरला.

लढाईचे दिवस होते. ऐन दुपारी वखारीच्या पुढच्या भागात आग लागली आणि मागच्या खोलीत मिरचीचे देठ खुडणाऱ्या सात बाया अडकल्या. मिरची जळते म्हणजे काय, ते घरात फोडणी करपल्यावर आपल्याला कळतंच. इथे पोत्यांच्या थप्प्या पेटल्या होत्या. पेठभर माणसं शिंकत, डोळे चोळत पळत होती. त्यातच वखारीचा माळा खचला आणि वर्षानुवर्षांची धूळ, कौलांचा चुरा आणि मिरचीची पूड असं सगळं खाली आलं. नाना गड्यांना घेऊन मागच्या भिंतीशी गेले, भिंतीला भगदाड पाडलं, तर आत बाया जमिनीला तोंड लावून पडलेल्या. त्यांनी डोक्याचा फेटा सोडला, बंबाच्या पाण्यात बुडवला आणि फाडून त्याच्या सात पट्ट्या केल्या. आपल्या नाकाचं फडकंही त्यांनी वाटेत एका गड्याला दिलं होतं, त्याचं जळालं म्हणून. एकेका बाईच्या तोंडाला पट्टी बांधून तिला बाहेर काढायची, असे ते सात वेळा आत गेले. सातही जणी वाचल्या. आमच्या बोळातली तानूबाई त्यांतलीच.

पुढचे आठ-दहा दिवस दवाखान्यात नुसता खोकल्यांचा बाजार भरला होता. बाया बऱ्या झाल्या, गडीही हळूहळू बरे झाले. नाना होईनात. डॉक्टरांनी त्यांना मिरजेला पाठवून छातीचा फोटो काढून आणला, बराच वेळ उजेडाकडे धरला आणि सांगितलं, "नाना, छाती आतून पोळली आहे. यापुढे धूर नको, धूळ नको. बंब सोडा. घरी स्टोव्ह घ्या." रॉकेलसाठी गावभर मारामार चाललेली, स्टोव्ह घेऊन त्यात काय पाणी ओतायचं? नाना हसले, आणि बाहेर येऊन माझा हात धरला.

"कंपाउंडर, ह्यातलं घरात कळता कामा न्हाई."

"का पण?"

"रोज चूल फुकताना ती माझ्याकडं बघंल. आपल्याच चुलीचं भ्या वाटंल तिला. शपथ हाय तुमाला."

मी पंचविशीत होतो. शपथेवर कुणी विश्वास टाकला की छाती फुगण्याचं ते वय. मी कबूल केलं. आज त्याचा पश्चात्ताप होतो आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

नानांच्या घरची एक रीत होती. पंचवीस वर्षं ते चुलीपुढे पाट टाकून जेवायला बसायचे आणि नानी तव्यावरची भाकरी सरळ त्यांच्या ताटात टाकायच्या. पोळलेल्या बोटांवर फुंकर घालत नाना खायचे. मूलबाळ नव्हतं, दोघांचं बोलणं काय व्हायचं ते त्याच वेळी. वखारीच्या आगीनंतर नाना अंगणात बसू लागले. "हितंच आण," म्हणायचे. कारण विचारलं तर गप्प. नानी गरम भाकरी अंगणात नेईपर्यंत ती निवायची. त्यात एक दिवस तानूबाईने देवघरात ठेवलेली फेट्याची पट्टी नानींनी पाहिली. आपल्या नवऱ्याचा फेटा दुसरीच्या देव्हाऱ्यात! तानूबाई आपली भोळी, जीव वाचवणाऱ्याची आठवण म्हणून हळदकुंकू वाहत होती. वर नाना रोज आमच्या बोळात येतात आणि तिच्या दारापाशी हमखास थांबतात, हेही नानींच्या कानावर गेलं. नानींनी अबोला धरला.

आमच्याकडचा अबोला म्हणजे साधी गोष्ट नव्हे. नाना त्याची हकिगत मला रंगवून सांगायचे. "मांजराला सांगती, 'मने, जेवायला वाढलंय म्हणावं.' म्या बी मांजरालाच म्हणतो, 'मने, कालवण झ्याक झालंय.' त्या मांजराला आमच्या घरातलं समदं ठावं हाय बगा." सांगताना हसायचे, हसता हसता खोकला यायचा. मी त्यांना म्हणायचो, सांगून टाका. ते हातानेच नको म्हणायचे. बंबावर जाणंही त्यांनी सोडलं नव्हतं. असे पाच महिने गेले.

एक दिवस दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला नानी स्वतः आल्या. कधी दवाखान्याचा उंबरा न ओलांडलेली बाई. डोक्यावरचा पदर दातात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगा. आमचं मालक ह्या बोळात रोज कुनासाठी येत्यात?"

मी बाटल्या पुसू लागलो. त्या दारातून हलेनात. मी शपथ मोडली. छातीचा फोटो, डॉक्टरांचं बोलणं, म्हशीची चौकशी, सगळं सांगितलं.

नानी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे धुरापायी उठून गेलं व्हय चुलीम्होरनं?" आणि मग आवाज अगदी बारीक झाला. "आन् म्या वली लाकडं घालत हुते वो."

मला कळेना.

"मुद्दाम. वाळली बाजूला ठिवून वली बाभळ घालायची. अंगणात धूर जाईल, त्ये कावतील, वरडतील. म्हनलं, वरडायला का हुईना, बोलतील तरी. पाच म्हैनं घातली. एकदा बी कावलं न्हाईत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्यास्नी सांगू नगा. पाया पडते."

ही दुसरी शपथ. ती मात्र मी नानांच्या हयातीत पाळली.

दुसऱ्याच दिवशी नानींनी चूल परसात शेवग्याखाली हलवली. पेटवण्याआधी चिमूटभर राख उधळून वारा कुठला ते बघायच्या आणि धूर जाणार नाही त्या अंगाला नानांचा पाट मांडायच्या. वारा फिरला की नानांनी पाट उचलून फिरायचं. एकेका जेवणात तीन-तीन जागा बदलायच्या आणि दोघंही हसायची. नगरपालिकेत जाऊन नानींनी साहेबाला सांगितलं की माझा माणूस आता बंबावर येणार नाही, आणि घरी येऊन मग नानांना कळवलं. तानूबाईला त्यांनी घरी बोलावून साडीचोळी दिली. ती पट्टी कुणी मागितली नाही. नव्या गड्यांना शिकवायला नाना अधूनमधून बंबापाशी खुर्ची टाकून बसत, आणि आवाज चढत नसल्याने फडकं न बांधणाऱ्याला काठीने टोचत.

असं दीड वर्ष मिळालं. थंडीत नाना गेले, दिवसाउजेडी, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या.

महिन्याभराने मी नानींना भेटायला गेलो. परसात बसलो होतो. त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग एकदम विचारलं, "त्या वल्या लाकडांचं त्यास्नी कळलं हुतं का वो?"

"नाही" म्हणणं सोपं होतं. ओठांवरही आलं होतं. पण एकदा गप्प राहून मी या घराचे पाच महिने घालवले होते. त्या माणसाने मला काही शिकवलं असेल तर ते हेच, की दुखणं घरच्यांपासून लपवून कुणाचं भलं होत नाही. पुढे कंपाउंडरकीच्या उभ्या जन्मात मी कुठल्याही रोग्याला तसा शब्द दिला नाही.

"कळलं होतं," मी म्हणालो. "मागच्या थंडीत मला म्हणाले, 'वीस वरसं धूर खाल्ला म्या. वली बाभळ जळती का वाळली, ह्ये मला बाहीरनं कळतं. पयल्याच दिशी कळलं. म्हनलं, रागावली हाय, रागावू दे. मनातनं उतरलो असतो, तर वाळली लाकडं घातली असती.'"

नानींचे डोळे भरून आले, आणि मग कपाळाला आठी पडली. त्यांनी तोंड माझ्याकडून वळवलं आणि शेवग्याखालच्या रिकाम्या पाटाकडे बघून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"आवं, येवढं समदं कळत हुतं, तर एक शबुद बोलायला काय झालं हुतं तुमास्नी?"

मी चपला घातल्या आणि त्यांना काही न सांगता बाहेर पडलो. त्यांचं बोलणं अजून चालू होतं.