बुधवारचं गिऱ्हाईक

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात ताणतणावावर एक व्याख्यान झालं होतं. सक्तीचं होतं, हजेरी घेतली. बाहेरून आलेल्या बाईंनी आम्हाला डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितलं. मी घेतला नाही. मी त्या दिवशी थेट बाजारातून आले होते, आणि कितीही लिंबं चोळली तरी बोटांना बांगड्याचा वास होता. मी खोल श्वास घेतला असता तर माझ्या शेजारणीलाही घ्यावा लागला असता. ती आधीच बाकाच्या कडेला सरकून बसली होती.

मग बाईंनी एक कागद वाटला. तुमच्या तीन अडचणी लिहा, नाव लिहू नका. मी लिहिलं, ‘काही नाही.’ घडी घालून पेटीत टाकला. तो कागद मला अजून आठवतो, कारण त्या वर्षी मी जे काही गमावलं ते याच दोन शब्दांनी.

आईला गणपतीच्या आदल्या आठवड्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं थोडं जड झालं. ती मासे विकायची. रत्नागिरीच्या बाजारात तिची ठरलेली जागा होती, नळाच्या बाजूची, आणि ती जागा मिळवायला तिला अठरा वर्षं भांडावं लागलं होतं. चार दिवस जागा रिकामी राहिली की पाचव्या दिवशी तिथे दुसरीची माशांची पाटी दिसते. वडील जयगडला बंदरात कामाला होते, आठवड्याने घरी यायचे आणि आल्यावर झोपायचे. त्यांच्याविषयी एवढं पुरे.

म्हणजे मी बसले. पहाटे जेटीवर लिलावाला उभं राहायचं, माल उचलायचा, बर्फ घालायचा, आठच्या आत बाजारात. साडेदहा-अकराला पाटी हलकी झाली तर कॉलेज. कॉलेज साडेसातचं. पुढचं गणित कोणीही करावं.

आईने मला जागेवर बसायच्या आधी एकच गोष्ट शिकवली होती. खाटेवर पडल्या पडल्या, अर्ध्या तोंडाने.

“गरज दाखवायची नाय. बर्फ संपला तरी संपला म्हणायचं नाय. मी आजारी हाय ते तर अजिबात नाय. विचारलं तर गावाला गेलीय सांग.”

“का? खरं सांगितलं तर लोक घेतील तरी दयेने.”

“दयेने एक दिवस घेतात गो बाय. दुसऱ्या दिवशी भाव पाडतात.”

तिचं बरोबर होतं. पलीकडच्या रांगेतल्या एकीने नवरा दवाखान्यात आहे म्हणून लवकर उठायचंय असं गिऱ्हाईकाजवळ बोलून दाखवलं, तर त्या गिऱ्हाइकाने सरंगा निम्म्यावर मागितला आणि तिने दिला. मी डोळ्यांनी पाहिलं. मी असं कधीच केलं नाही. महिन्याभरात आईची सगळी बांधलेली गिऱ्हाइकं मी टिकवली, वर चार नवीन जोडली. दुप्पट सांगायचं, तो निम्मं मागणार, दोघांनी एक एक पाऊल यायचं. आवाज चढवायचा तिथे चढवायचा. मला तो आधीच चढलेला मिळाला होता.

त्या बांधलेल्या गिऱ्हाइकांत आमचे कॉलेजचे एक सर होते. आमचे विभागप्रमुख. कॉस्टिंग शिकवायचे, आणि त्यांचा तास सव्वादहाचा. दर बुधवारी नऊच्या सुमारास स्कूटर लावून, पँट घोट्याच्या वर दुमडून यायचे. आईकडे दहा वर्षं येत होते. भाव करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या बाजारात नव्हता. मासा बोटाने दाबायचे, कल्ला उघडून बघायचे, ‘कालचा आहे’ म्हणायचे, दोन पावलं जायचे, परत यायचे. मला त्यांच्याशी भाव करायला आवडायचं, हे खोटं कशाला बोलू? बरोबरीचा माणूस होता.

मी पहिल्यांदा बसले त्या बुधवारी ते थबकले.

“तू? आई कुठेय?”

“गावाला गेलीय.”

“तू आमच्याकडे आहेस ना, टी.वाय.ला?”

“हो सर. सुरमई बघा, आत्ता उतरलीय.”

“आत्ता म्हणजे काल ना?”

एवढंच. ते सुरमई घेऊन घरी गेले, घरी देऊन कॉलेजला गेले आणि सव्वादहाला त्यांनी माझा रोल नंबर पुकारला. मी हजर नव्हते. त्यांना माहीत होतं मी कुठे आहे. मी नळाजवळ बसून त्यांच्या पिशवीत गेलेल्या सुरमईचं रक्त धूत होते. त्यांनी गैरहजेरी मांडली. पुढच्या बुधवारी पुन्हा. असे सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे बुधवार.

अभ्यास मी करत होते. नोट्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाटीच्या मागे ठेवायचे आणि गिऱ्हाईक नसताना वाचायचे. कॉस्टिंग मला सगळ्या वर्गापेक्षा जास्त येत होतं, कारण मी ते रोज करत होते. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. केस मूठभर गळायचे. आईला भरवताना तिच्या तोंडातून पेज सांडली की मी ओरडायचे, मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहायचे. एकदा बाजारात एका बाईने बांगडे परत आणले, तर मी ते तिच्या पिशवीसकट उचलून रस्त्यावर भिरकावले. लोक म्हणाले, आईपेक्षा तिखट आहे. मला बरं वाटलं. कोणाला कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत फलकावर यादी लागली. हजेरी कमी असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. माझं नाव वरून तिसरं. एक्केचाळीस टक्के. लागतात पंच्याहत्तर.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. माझ्या आधी आमच्याच वर्गातली एक मुलगी आत होती, तिचं नाव माझ्या खालीच होतं. दार अर्धवट उघडं होतं. ती रडत होती, तिला झोप येत नव्हती, घरी आईवडिलांची भांडणं चालली होती. सरांनी तिला पाण्याचा ग्लास दिला. डॉक्टरचं पत्र आण, मी प्राचार्यांशी बोलतो, म्हणाले. ती डोळे पुसत बाहेर आली. तिचं खरंच असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी तेव्हा एवढंच पाहिलं की तिने पाटी उघडी केली आणि माल फुकट उचलला गेला.

मी आत गेले.

“सर, माझं नाव लागलंय.”

“माहीत आहे. मीच लावलंय.”

“पंच्याहत्तर करून द्या.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “एक्केचाळीस आहे तुझी.”

“म्हणून तर आल्ये.”

“घरी काही अडचण आहे का?”

आता लिहिताना मला त्या क्षणाला गळ्याला धरून थांबवावंसं वाटतं. विचारलं होतं त्यांनी. नाही विचारलं असं मी म्हणू शकत नाही. पण समोर तेच बुधवारचं गिऱ्हाईक बसलेलं होतं. कल्ला उघडून बघणारं.

“काही नाही, सर.”

“आजारपण?”

“मी ठणठणीत आहे.”

“मग हजेरी कशी वाढवू मी? कशाच्या आधारावर?”

“पंच्याहत्तर नको तर साठ करा. वर जास्तीच्या चार असाइनमेंट देते. तोंडी परीक्षा घ्या, आत्ता घ्या.”

मला वाटलं, आता ते पन्नास म्हणतील. मग मी असाइनमेंट सहा करीन, आणि जमेल. आयुष्यात त्यांच्याशी माझं कधी न जमता राहिलं नव्हतं. सरांनी पेन खाली ठेवलं.

“हा काय मासळीबाजार वाटला तुला?”

दुसरं कोणी बोललं असतं तर सोडून दिलं असतं. आमच्याकडे वर्गात गोंधळ झाला की सगळेच शिक्षक हे म्हणतात. पण हा माणूस दर बुधवारी माझ्यासमोर उकिडवा बसायचा.

“बाजार असता तर बरं झालं असतं,” मी म्हणाले. “तिथे तुम्ही निदान परत तरी येता.”

“बाहेर हो.”

मी झाले. दार आपटलं की नाही आठवत नाही. आपटलंच असेल.

आईला मी सांगितलं नाही, तिला बाजारातून कळलं. एका दुपारी मी घरी आले तर खाट रिकामी. ती शेजारणीला घेऊन रिक्षाने सरांच्या घरी गेली होती, सोबत सकाळच्या मालातलं मी घरी ठेवलेलं सर्वांत मोठं पापलेट. संध्याकाळी आली. जन्मभर गरज न दाखवणारी बाई, लुळा हात पदराखाली न झाकता त्यांच्या ओटीवर उभी राहिली होती.

“काय म्हणाले?”

“यादी विद्यापीठात गेली. आता हातात काय नाय म्हणाले. आधी का नाय सांगितलंत म्हणाले.”

“आणि पापलेट?”

“घेतलंन की. पैशे दिलेन.” तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. “सांगितला तेवढा भाव दिलान गो. एक शब्द नाय बोलला. माणूस चांगला हाय.”

मी ते पैसे घेतले नाहीत. दहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा भाव केला नाही. म्हणजे त्यांना पुरतं कळलं होतं की आपण काय केलंय. आधी का नाही सांगितलंत, हे विचारणं सोपं आहे. रिकामी जागा दर बुधवारी समोर होती. सहा महिने कोणती आई गावाला जाऊन राहते?

त्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत मी बाजारात होते. पुढच्या वर्षी फॉर्म भरता आला असता. रागाने भरला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली, मग धंदा वाढला. आज माझं स्वतःचं दुकान आहे, काचेच्या कपाटाचं, बर्फाचं मशीन आहे, आरे-वारेच्या रस्त्यावरच्या तीन हॉटेलांना माझा माल जातो. माणसं मला बाई म्हणतात. मुक्त विद्यापीठातून पदवी घे, असं सुचवणारेही भेटतात. तिथे अर्जात मधल्या वर्षांचं कारण लिहावं लागत असेल, असं मला वाटतं. लागतं की नाही, मी चौकशी केलेली नाही.

सर निवृत्त झाले. अजून बुधवारीच येतात, आता काठी घेऊन. गेल्या पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सोबत जावई होता.

“ही माझी विद्यार्थिनी बरं का,” ते त्याला म्हणाले. “तिखट होती. एका वर्षी हजेरी कमी पडली, मी बसू दिलं नाही. नियम म्हणजे नियम.” मग माझ्याकडे वळले. “पुढच्या वर्षी दिलीस ना परीक्षा? पदवी घेतलीस ना?”

जावई मोबाइलमधून वर बघत होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. सरांच्या आवाजात काहीतरी होतं, मागणाऱ्याच्या आवाजात असतं तसं. मला ते लगेच कळलं. अशा आवाजाच्या माणसाकडून हवा तो भाव घेता येतो. मी फक्त ‘नाही’ म्हणायचा अवकाश होता, जावयासमोर.

“घेतली, सर,” मी म्हणाले.

“बघ,” ते जावयाला म्हणाले. त्यांची काठी हलकी झाल्यासारखी दिसली. “ही सुरमई कशी दिलीस?”

मी दुप्पट सांगितली. त्यांनी कल्ला उघडून पाहिला.

“कालची आहे,” ते म्हणाले, आणि दाराकडे दोन पावलं गेले.