काठापासून लांब

घनसावंगीच्या बाजूला गोदावरीवर बंधारा झाला आणि आमच्या मळ्यापुढे नदीचं तळं झालं. वारा सुटला की लाटा उठायच्या आणि काठाची काळी माती ढेकळाढेकळानं पाण्यात पडायची. बघता बघता काठ गोठ्याजवळ आला.

आम्ही ओरड केल्यावर पुढारी आले. त्यांनी काठाला चिकटून दगडी भिंत बांधून घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं, हार घालून घेतले, चहा पिऊन गेले. लाटांनी भिंतीखालची माती खाल्ली आणि पोळ्याच्या आत भिंत नावासकट तोंडावर पडली.

त्या हिवाळ्यात मी कोकणात लेकीकडे गेले. तिथं समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, दगडांची रांग टाकलेली होती. लाट बाहेरच फुटायची. आत पाणी नुसतं डुलायचं, वाळू साचायची. परत आल्यावर मी पुढाऱ्यांना सांगितलं, "उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आपणही तशी रांग टाकू."

"बाई, समुद्र कुठं अन् आपली गंगा कुठं! पाण्यात दगड टाकायचा खर्चा कोण मंजूर करंल?"

भोवतीची माणसं हसली. त्यांना दुसरं कामच नव्हतं.

घरी माझी थोरली जाऊ म्हणाली, "त्यांना कशाला विचारून राह्यलीस? चल."

विहीर खोदताना निघालेले दगड बांधावर पडूनच होते. पाणी उतरल्यावर आम्ही दोघींनी ते उघड्या गाळात रचायला घेतले. माझे मालक आधी "येडे चाळे" म्हणाले, मग मुकाट्यानं ट्रॅक्टर घेऊन आले.

पाणी भरलं, वारा सुटला. लाटा दगडांवर फुटल्या, गोठा राहिला. पण रांग संपली तिथं शेजाऱ्याचा काठ दुप्पट खचू लागला. तो तणतणत आला, "तुमचं वाचलं, माझं गेलं!" त्याचं बराबर होतं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही रांग त्याच्या शेतापुढेही नेली. या वेळी तोही दगड उचलायला होता.

मग पुढारी शहरातले पाहुणे आणि फोटोवाला घेऊन हजर! "आपल्याच कल्पनेतून झालंय हे," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

जावेनं लुगडं खोचलं. "या ना मंग, साहेब, दगडावर उभं राहून फोटो काढू. पाणी कमरेइतकंच हाय."

साहेबांनी काठावरूनच फोटो काढला आणि बूट झटकत जीपमध्ये बसले. आम्ही वैरण टाकायला गेलो.