समोरच्या घरातल्या टाळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि ओळखत असाल तर — खरं सांगतो — मला तुमचाही संशय येतो. स्वभावच तसा. गिऱ्हाईकानं दिलेली नोट मी उजेडात धरून बघतो. डॉक्टरनं साधी गोळी लिहून दिली तरी दोन ठिकाणी विचारून मग घेतो. बायको म्हणते, तुम्ही आरशात स्वतःला बघतच नाही, मागं कोण उभं आहे ते बघता.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मूळचा मी कुंभारीचा, तिकडे माळाला लागून थोडी कोरडवाहू जमीन अजून आहे. पण सगळा जन्म गेला तो विणकरांच्या गल्लीत. आजूबाजूला सगळी तेलुगू घरं, मराठी म्हणजे आमचं एकटंच. समोर राजव्वा आक्का राहायची. नवऱ्यामागं माग विकले गेले, वरची खोली भाड्यानं गेली, आक्का मात्र जागची हलली नाही. आमचा अमोल तिच्याच ओसरीवर रांगला. माझी आई गेली तेव्हा आमच्या घरी पहिला भात तिच्या चुलीवरून आला. एवढं सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला कुणी परका समजणार नाही.

आक्काला एकच मुलगी, पद्मा. शिकत शिकत परदेशी गेली, तिथं प्राध्यापक झाली, तिथलंच नागरिकत्व घेतलं. आमच्या गल्लीच्या नळावर घागरीसाठी भांडलेली पोरगी कागदोपत्री परदेशी झाली! मग कधीतरी तिथल्या एका सभेत ती इथल्या सरकारविरुद्ध काहीतरी बोलली. ते फोनवर फिरत फिरत आमच्या गल्लीपर्यंत आलं. बोलणं इंग्रजीत होतं. कुणाला धड कळलं नाही, पण राग मात्र सगळ्यांना आला. मलाही आला. इथल्या भाकरीवर वाढली आणि तिकडे जाऊन इथल्यांना नावं ठेवते, असं मी दुकानात चारचौघांत म्हणालो. ती आली तेव्हा तिच्या तोंडावर काय म्हणालो? 'पद्मा, वाळलीस गं.'

त्या वर्षी ती नवरात्रात आली होती. नवरात्रात आमच्या भागात बतुकम्मा असते. तेलुगू बायकांचा सण. ताटात फुलं थरावर थर रचून देवी करायची, मधे ठेवायची, भोवती गोल धरून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटी पाण्यात सोडायची. गल्लीतली ही रीत मधे जरा मोडली होती, आक्का तेवढी घरापुरती करायची. पोरी कामाला जायला लागल्या, कुणाला सवड नव्हती. पद्मानं ती आक्काच्या अंगणात पुन्हा सुरू केली. रोज संध्याकाळी बायका जमायच्या. बतुकम्मेला पिवळी फुलं लागतात, तरवडाची. ती बाजारात मिळत नाहीत, माळावर मिळतात. दरवर्षी आक्काला ती कोण आणून द्यायचं? मी. कुंभारीहून, स्कूटरच्या पुढं पिशवी अडकवून. त्या वर्षीही मीच आणली.

आता — सांगतो. सांगायचंच आहे.

पद्मा परत गेल्यावर, दिवाळीनंतर, एक साध्या कपड्यातला माणूस दुकानात आला. अमोलचा पासपोर्ट निघायचा होता. त्याला तिकडे नोकरी लागली होती, पद्मा राहते त्याच देशात. पोलिसांची चौकशी व्हायची होती, म्हणून मला वाटलं हा त्यासाठीच आला. तसा तो त्यासाठीही आला होता. अमोलबद्दल विचारलं, चहा घेतला, चांगला मुलगा आहे म्हणाला. आणि मग कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "समोर फॉरेनच्या बाई येऊन गेल्या म्हणं? काय चालायचं तिथं?"

हा आधी अमोलचं का बोलला? मुद्दामच ना? मी काही बोललो नाही तर समोरच्यांचा माणूस ठरणार, आणि अमोलचा कागद कुठंतरी अडकून पडणार. तसं तो म्हणाला नाही. त्याच्या मनात तरी होतं का, देव जाणे. मी मात्र ते सगळं ऐकलं, न बोललेलंच.

मी सांगितलं, रोज संध्याकाळी बायका जमायच्या. वीस-पंचवीस असतील. गोल करायच्या, टाळ्या वाजवायच्या, एकजण पुढं म्हणायची आणि बाकीच्या तिच्या मागून. पद्मा फोनवर त्याचं शूटिंग करायची.

"घोषणा?" तो म्हणाला.

"असतील. तेलुगूत असतं."

तो मान डोलवत ऐकत होता. कुर्डुवाडीकडचा होता, नुकताच बदलून आलेला. त्याला काय माहीत आमच्या भागात नवरात्रात काय असतं? एक शब्द, 'बतुकम्मा', एवढंच म्हणायचं होतं. तो हसला असता, उठला असता, गेला असता. तो शब्द माझ्या अगदी ओठांवर होता. मी तो गिळला. आणि तुमच्यापासून लपवत नाही, नुसती भीती नव्हती ती. सरकारी माणूस आपल्याला विचारतोय, आपल्या तोंडाकडे बघतोय, हे बरं वाटत होतं. आणि पद्मावरचा तो राग होता. बघू या म्हटलं जरा, हिचं एवढं मोठं बोलणं कुठं जातं ते.

अमोलचं काम बिनबोभाट झालं. तो तिकडे पोचला तेव्हा त्याला विमानतळावर घ्यायला पद्मा आली होती. घर मिळेपर्यंत त्याला स्वतःकडे ठेवून घेतला, थंडीचा कोट घेऊन दिला. तो फोनवर हे कौतुकानं सांगत होता आणि मी म्हणत होतो, हो का, बरं झालं.

पुढच्या वर्षी आक्काच्या काळजाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. आक्का म्हणाली, "माजी बिड्डा आल्याबिगर मी झोपत न्हाई त्या टेबलावर." बिड्डा म्हणजे लेकरू. लेकरू निघालं. मुंबईला विमान, तिथून रेल्वे. तिला घ्यायला मी स्टेशनवर गेलो, मैनुद्दीनच्या रिक्षातून. मैनुद्दीन म्हणजे आक्काच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, दुधनीकडून आलेला, बायको आणि लहान मुलगी. मागच्या खेपेला पद्माला कुठं जायचं असलं की हाच न्यायचा. गाडी आली, माणसं उतरली, पांगली. पद्मा नाही. मैनुद्दीन एकेका डब्यात शोधत फिरत होता. मी मात्र तिथंच उभा होतो, कारण मला कळलं होतं.

तिला मुंबईच्या विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. आत येता येणार नाही, एवढंच सांगितलं, कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिकडे पोचल्यावर तिनं आक्काला फोन केला. आक्काला ऐकायला कमी यायचं, म्हणून फोन मोठ्यानं लावलेला, आणि मी तिथंच बसलो होतो. पद्मा आधी रडली, मग हसलीसुद्धा. म्हणाली, "अम्मा, तो अधिकारी मला विचारतो, तुमच्या घरी बायका गोल करून टाळ्या कशासाठी वाजवायच्या? मी सांगितलं, सण आहे. तर म्हणतो, सण असता तर सण आहे असंच आमच्याकडं आलं असतं."

आक्कानं फोन खाली ठेवला. ती शाळेत गेली नव्हती, पण डोकं असं की वकील मागं पडावा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दत्तू, हे कुणीतरी गल्लीतल्यानंच सांगितलंय बघ. बघितल्याबिगर कोण सांगंल? पर आमच्यातल्या कुणी सांगितलं असतं तर बतुकम्मा म्हटलं असतं की. ज्याला बतुकम्मा म्हायीत न्हाई त्यानंच सांगितलंय."

मी म्हटलं, हं.

"तुजा तर प्रश्नच न्हाई. फुलं तूच आणतोस की."

समजलं ना तुम्हाला? मला बतुकम्मा माहीत होती, म्हणून माझ्यावर संशय येऊच शकत नव्हता. मग राहिलं कोण? गल्लीत बाहेरचा असा एकच. मैनुद्दीन. आक्कानं त्याचं नाव घेतलं नाही, नुसतं वर खोलीकडे बघितलं. आणि तेव्हा मी काय केलं? निदान गप्प बसायचं! मी म्हटलं, "रिक्षावाल्यांचं काय, त्यांचं सगळीकडे उठणं-बसणं असतं." एवढंच म्हटलं. दिवस मावळायच्या आत ते वाक्य गल्लीभर झालं होतं, आणि ते माझं आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आक्कानं त्याला खोली सोडायला सांगितली. तो माझ्याकडे दुकानात आला. आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला. म्हणाला, "मामू, मैं कायकू बोलूंगा? मेरी बच्चीकू ताई इंग्लिश पढाती थी. तुम आक्काकू समजाव ना, तुम्हारा सुनते उनो."

मी म्हटलं, बघतो.

बघितलं नाही. तो गेला त्या दिवशी टेम्पोत त्याचं कपाट चढवायला मी हात लावला. त्याच्या मुलीनं मला टाटा केला. आता तो स्टेशनच्या बाहेर असतो. मी दिसलो की अजून सलाम करतो. मी रिक्षा करायची असली तरी तिकडून जात नाही.

पद्मानं तिकडून अर्ज केले, आईचं आजारपण कळवलं, डॉक्टरांची पत्रं जोडली. काही उत्तर नाही. आक्कानं ऑपरेशन पुढं ढकललं, मग आणखी ढकललं. "यील की. आपलं सरकार हाय, दुश्मन थोडंच हाय," म्हणायची. अमोलच्या आईनं समजावलं, मीसुद्धा समजावलं! तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, आक्का, हट्ट करू नको, जिवाशी खेळ होईल. ती माझा हात धरून म्हणाली, "तू हैस म्हणून बरं हाय रे."

एक गोष्ट मी मघाशी चोरली. त्या माणसाला सांगितलेलं सगळं तसं खरंच होतं, असं तुम्हाला वाटलं असेल, आणि मीही तसंच वाटू दिलं. मनाशीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो: खोटं कुठं बोललो, दिसलं ते सांगितलं. पण एक वाक्य खोटं होतं. 'तेलुगूत असतं' म्हटल्यावर त्यानं विचारलं होतं, "तुम्हाला काय समजायचं का त्यातलं?" आणि मी म्हटलं, "छे, आपल्याला कुठं तेलुगू येतं?" जन्मभर तेलुगूतून धंदा केलेला माणूस मी. तेलुगूतून भाव करतो, तेलुगूतून भांडतो. त्या बायका काय गात होत्या ते मला शब्दन् शब्द कळत होतं. सासरी गेलेल्या लेकीला माहेरची माणसं न्यायला येतात, असलं काहीतरी असायचं. मी आमच्या दारात उभा राहून ऐकायचो. एकदा तर पुढचा शब्द आठवेना म्हणून बायका थांबल्या, तेव्हा तो मीच ओरडून सांगितला होता, आणि पद्मा खळखळून हसली होती.

पद्माला परत पाठवलं ते माझ्यामुळे की तिच्या भाषणामुळे, हे मला कळणार नाही. कारण कुणी सांगत नाही. कधी कधी वाटतं, माझ्या बोलण्याला एवढी किंमत कोण देतंय? आणि लगेच माझाच मला संशय येतो. सुटायची वाट शोधतोस होय, दत्ता?

आक्का गेली ती ऑपरेशनविनाच. पद्मा फोनच्या पडद्यावर होती. फोन मीच धरला होता. ती म्हणाली, "काका, जरा जवळ न्या. चेहरा दिसत नाहीये." मी जवळ नेला. मग म्हणाली, "तरवड आहे का हो कुठं? अम्माला वाहा ना माझ्याकडून." तरवडाचे दिवस नव्हते, तरी कुंभारीच्या माळावर हिंडून थोडी फुलं मिळवली आणि तिच्याकडून वाहिली. तिकडून ती हात जोडून बघत होती. तिला वाटलं मी रडतोय ते आक्कासाठी.

आता समोरचं घर बंद असतं. गल्लीत कुणावर विश्वास ठेवावा हे पद्माला कळत नाही, तसं ती म्हणालीसुद्धा. कुणी सांगितलं असेल हो काका, मैनुद्दीन तसा वाटत नव्हता, असं अजूनही मधूनच विचारते. मी म्हणतो, जाऊ दे, आता काय उपयोग. घराची किल्ली तिनं माझ्याकडे ठेवायला सांगितली आहे. ती माझ्या दुकानात खिळ्याला अडकवलेली असते, आणि दर शनिवारी मी समोर जाऊन अंगण झाडून येतो.