जावेने डाळ सोडली

१२ जानेवारी. उडदाच्या डाळीच्या वड्या घालायच्या होत्या. भिजलेली डाळ वाटली, कोहळा किसून घातला आणि अंगणातल्या खाटेवर जुनं लुगडं पसरलं. दरवर्षी वड्या घालायला माझी मोठी जाऊ येते. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. या वर्षीही ती आली, पण हात पदराखाली घेऊन नुसती बसली.

बोटांच्या सांध्यांवर सूज होती. संधिवात तिला काही वर्षांपासून आहे, त्यामुळे सुजेचं नवल नव्हतं. पण पोलकं दंडावर ढगळ झालं होतं.

"जेवून नाही राहिल्या का बाई तुम्ही?"

"भात खाऊन राहिली न."

"अन् वरण?"

"वरण सोडलं. अंडे, मच्छी, सारं सोडलं. तुझे भासरे खूश हायेत, मोठा तुकडा आता त्यायलेच."

"काहून सोडलं?"

"डॉक्टरनंच सांगतलं. माह्या अंगात कोणतं तरी परोटीन वाढलं म्हणे, त्यानं सांधे सुजतेत. परोटीन डाळीत रायते, हे त शाळेतल्या पोरायले बी मालूम हाय."

मला हसू आलं नाही. तिचा हिशेब चुकीचा वाटावा असं त्यात काही नव्हतंच. एकच शब्द दोन जागी ऐकला आणि तिने तो जोडला. वड्या उरकल्या, हात धुतले आणि दुपारच्या एसटीने तिला घेऊन भंडाऱ्याला तिच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काकू, डाळीतलं प्रोटीन पोटात पचतं, त्याचे तुकडे होतात. मी म्हणत होतो ते वेगळं. ते अगदी बारीक असतं आणि शरीरातल्या पेशी स्वतःच बनवतात, एकमेकींना निरोप द्यायला. काटा रुतला की हा निरोप जातो, रक्तातल्या पेशी धावून येतात, जागा सुजते, ठणकते. काम झालं की निरोप थांबतो. तुमच्या सांध्यात काटा नाही, तरी निरोप चालूच आहे. आलेल्या पेशी सांधाच कुरतडतात."

गोळ्यांनी भागत नव्हतं. आता इंजेक्शन घ्यायला हवं होतं. ते त्या प्रथिनाला वाटेतच धरतं. नाही घेतलं तर बोटं वाकडी होतील आणि तशीच राहतील, हे त्यांनी सरळ सांगितलं.

जावेने हात पुन्हा पदराखाली घेतले. मग म्हणाली, "अन् निरोप बंद झाल्यावर खरंच कोणी अंगात घुसलं, त कोण धावन?"

"म्हणूनच आधी टीबीची तपासणी. जुना टीबी कधीकधी अंगात दबून असतो. त्याला दाबून ठेवायलाही हाच निरोप लागतो. उद्या सकाळी छातीचा एक्स-रे काढा, रक्त द्या."

"पाहू," ती म्हणाली आणि उठली.

परतताना एसटीत मी विचार करत होते. आजार म्हणजे बाहेरून काही शिरलं किंवा अंगात काही कमी पडलं, एवढंच मला ठाऊक होतं. इथे काहीच कमी नव्हतं. विळा लागलेलं माझं बोट ज्या सुजेने बरं केलं, तीच हिचे हात खात होती. वाईट म्हणावं असं त्यात कोणीच नव्हतं, फक्त थांबणं राहून गेलं होतं.

मोहाडी गाव जवळ आल्यावर ती खिडकीकडे तोंड करून बोलली. "माह्या बापाले टीबी होता. मी लहान होती, त्याच्याच खाटेजवळ निजत होती."

म्हणजे तिला भीती सुईची नव्हती.

"निघाला त?" तिने विचारलं.

"निघाला त पयले त्याच्या गोळ्या. मंग हे. न पाहता बसल्यानं तो जाते का?"

"तुले साऱ्याचीच घाई."

"बोटं वाकडी झाल्यावर माह्या घाईचा काय उपेग?"

संध्याकाळी मी वाटीभर वरण घेऊन गेले. तिने माझ्यासमोर भातावर घेतलं आणि विचारलं, "पयली गाडी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रेच्या खोलीत तिला मंगळसूत्र काढायला सांगितलं. आकडा तिच्या बोटांनी निघेना. मी काढला, मंगळसूत्र माझ्या रुमालात बांधलं आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले.