डाव्या हाताची कात्री

जुन्या बाजारात शिरल्या शिरल्या मावशीने फर्मान काढलं, “दिवे, कपबश्या, आरसे काही बघायचं नाही. फक्त कात्र्या.”

“मावशी, परदेशात आलोय आपण! दुपारी राजवाडा बघायचाय.”

“राजवाडा काय पळून जातोय?”

भाचीने कपाळाला हात लावला. बाजार नजरेत मावत नव्हता. खुर्च्यांचे ढीग, मुंडकी उडालेल्या बाहुल्या, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो, दाराच्या मुठींनी भरलेल्या टोपल्या. मावशी मात्र चष्मा सरसावून सगळ्यांना ओलांडत निघाली होती.

मावशी कपडे शिवते. जन्माची डावखुरी; पण शिकली उजव्या हाताच्या कात्रीवर, कारण दुकानात तीच होती. डाव्या हातात तिची पाती फाकायची, म्हणून मावशी अंगठा आत ओढून ती जबरदस्तीने जुळवायची. असल्या उलट्या कारभारात तिने अख्ख्या गल्लीचे कपडे बेतले आणि एकाचाही खांदा कधी उतरला नाही. आता मात्र अंगठ्याच्या सांध्याने संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, कापायला माणूस ठेवा, तुम्ही नुसतं शिवा.

“दुसऱ्याने बेतलेलं मी शिवू?” मावशी घरी येऊन कडाडली होती. “त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावते!”

खरी डावखुरी कात्री मिळाली तरच तिचं बेतणं चालू राहणार होतं. भाचीने मागवून दिलेल्या कात्र्यांची मूठ तेवढी डावी निघाली, पाती उजवीच.

बाजाराच्या पार टोकाला, पुरुषी कोट घातलेली एक म्हातारी बंद पडलेल्या शिलाईच्या दुकानाचं सामान मांडून बसली होती. बटणांच्या बरण्या, इस्त्र्या, आणि एक दणकट काळी कात्री. मावशीने ती उजेडात धरली.

“अगं, वरचं पातं डावं! खरंखुरं डावं!”

म्हातारीने चिंधी पुढे केली. मावशीने कात्री चालवली. चिंधी कापली गेलीच नाही. दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकली. पुन्हा तेच. मावशीने बोटाने धार पाहिली, स्क्रू पाहिला, पुन्हा चालवली. मग कात्री हळूच खाली ठेवली.

“चल. राजवाडा बघू.”

भाची जागची हलली नाही.

तेवढ्यात म्हातारीने तीच कात्री आपल्या डाव्या हातात घेतली आणि तीच चिंधी चर्रकन उभी कापली. वर काहीतरी बोललीही.

“काय म्हणतेय ही?”

भाचीला तिथली भाषा जेमतेम येत होती. “म्हणतेय, कात्रीत काही खोट नाही.”

“ते दिसलं मला. मग खोट माझ्या हातात आहे.”

आता ही रडणार, असं भाचीला वाटलं. मावशीने कात्री परत मागून घेतली आणि हवेतच हळूहळू उघडझाप केली. डोळे अंगठ्यावर.

“बघ, बघ मेल्याला! सवयीने आत ओढतोय. हिला ते नकोच आहे. मी जुळवायला जाते आणि ही फाकते.”

“मग गं?”

“मग काय? विसरायचं.”

“इतक्या वर्षांची सवय? अशी उभ्या उभ्या?”

“उभ्या उभ्या कशाला, बसून विसरते.” मावशीने एक खोकं पालथं घातलं. “आणि तू मला बोलायला लावू नकोस. बोललं की अंगठ्याला चेव येतो.”

म्हातारीने एक फाटका पडदा आणून दिला. मावशी कापत सुटली. आधी चावे, मग दाते, मग वेडीवाकडी पट्टी. मध्येच अंगठ्याला दम, “सोड की रे! कोण ओढायला सांगतंय तुला?” म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी सुनवायची, मावशी मराठीत उत्तर द्यायची, आणि मध्ये भाचीची कुणालाच गरज नव्हती. येणारेजाणारे थांबून बघायचे. हळूहळू पायाशी पट्ट्यांचा ढीग झाला, आणि त्यातल्या वरच्या अगदी सरळ होत्या. भाची राजवाड्याचं पार विसरून गेली.

म्हातारी सामान आवरायला लागली.

“मावशी, बाजार उठतोय. घे ना आता. जमलं की!”

“सरळ कुणीही कापतं. मुंढा निघाला तर कात्री माझी. नाही तर मिळू दे दुसऱ्या डावखुरीला.”

उरलेल्या पडद्यावर तिने खडूने मुंढ्याचा, म्हणजे बाहीच्या जोडाचा, बाक काढला. कात्री निघाली. वळणावर अंगठा पुन्हा आत सरकू पाहत होता. मावशी थांबली. श्वास सोडला, बरोबर अंगठाही सोडला. पातं वळलं आणि आपणहून गेल्यासारखं थेट टोकापर्यंत गेलं.

म्हातारीने हातातलं खोकं खाली ठेवून टाळी वाजवली. मावशीने तुकडा भाचीच्या खांद्याला लावून पाहिला, मागेपुढे केला.

“दुखला का गं अंगठा?” भाचीने हळूच विचारलं.

“पाकीट काढ. सांगेल तेवढे दे तिला, घासाघीस नको,” मावशी म्हणाली आणि पुन्हा खोक्यावर बसली. “तोवर दुसऱ्या बाजूचा मुंढा काढते.”